वाजणारी बरणी

"ठेव हात," ताई म्हणाल्या.

मी भट्टीच्या दाराच्या विटेवर पंजा पूर्ण टेकवला आणि म्हणायला लागले, "आचल मारोती पाचभाई, राहणार नंदो..." आणि चटका बसला तसा हात मागं ओढला.

"गाव पुरं झालं नाई," ताई म्हणाल्या. "म्हणजे नाई उघडायची."

ताईंच्या भट्टीचा हा कायदाच होता. आतलं तापमान दाखवणारं मीटर होतं, चांगलं होतं, पण त्यांचा त्यावर भरवसा नव्हता. ज्याला भट्टी उघडायची त्यानं उघडा हात विटेवर ठेवायचा आणि आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं न पळवता म्हणायचं. शेवटपर्यंत हात टिकला तर वीट काढायची. नाही टिकला तर आतली भांडी अजून तापलेली आहेत, बाहेरची गार हवा लागली की तडकतील. तो आवाज मी एकदा ऐकला होता. टिंग. पैंजणातलं एकच घुंगरू वाजावं तसा. आणि मग चांगल्या थाळीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ.

मागं पिंपळापुरे सर गाडीची किल्ली बोटात फिरवत उभे होते. नागपूरचे. चित्रांची, मातीकामाची प्रदर्शनं भरवायचे. मुंबईत त्यांनी ताईंचं प्रदर्शन ठरवलं होतं, आणि त्यासाठी एक मोठं भांडं पाहिजे होतं, दारातच लोकांचे पाय थांबतील असं. ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून न्यायला आले होते.

"वासंतीताई, मीटरचा आकडा कधीचाच खाली आलाय," ते म्हणाले. "मला संध्याकाळपर्यंत नागपुरात पोचायचंय हो."

"मीटर भट्टीच्या मधलं सांगते. दाराजवळ जे भांडं उभं आहे, त्याच्या पोटात काय चाललं ते त्याले काय माहीत?"

दाराजवळ माझी बरणी उभी होती.

म्हणून सगळ्यात जास्त घाई मला होती, आणि सगळ्यात जास्त रागही मलाच होता. सरांना भांडं पाहायचं होतं. मला बरणीचं बुड पाहायचं होतं. ताईंनी त्यावर स्वतःची खूण घातली आहे का, एवढंच. घातली असेल तर बरणी तिथंच फरशीवर आपटायची, हे मी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

मी तेव्हा सोळाची. शाळा सुटून दोन-तीन वर्षं झाली होती. मला कोणी काढलं नव्हतं, मीच उठून आले होते. मास्तर सगळ्या वर्गापुढं माझ्या बापाच्या दारूवर बोलले, मी त्यांच्या टेबलावरचा डस्टर त्यांनाच फेकून मारला आणि दप्तर न घेता घरी आले. बाप कोळशाच्या खाणीत ट्रक चालवायचा. त्यानं मला उचललं आणि भद्रावतीच्या रस्त्यावरच्या या स्टुडिओत आणून उभं केलं.

"हिले कुठं तरी बसवा ताई. नाही तर हे कोणाचं तरी डोकं फोडते."

ताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोपऱ्यातली मोगरी दिली. "डोकं नको फोडू. ते वाळलेले ढेकळं फोड."

तेव्हापासून त्या मला मिरची म्हणायच्या.

ढेकळं फोडली, माती मळली, मग चाकावर बसले. हात लागला. मलाच माहीत नव्हतं असा लागला. पण माझ्या हाताच्या आधी माझे डोळे लागले होते. ताई चहा अर्धा कपच घेतात, हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. त्या कोणासमोर पाण्याचा ग्लास उचलत नाहीत. डावा हात नेहमी अॅप्रनच्या खिशात. उजव्या हाताची बोटं काही धरलेलं नसलं की आपोआप हलतात, जसं मोबाईलवर कोणी तरी सारखं टाइप करून राहिलंय. पाहुणे आले की ताई चाकावर बसायच्या, हात मातीत भिजवायच्या, गोळा मधोमध ठेवायच्या आणि बोलायला लागायच्या. पाहुणे निघून जायचे. गोळा तसाच राहायचा.

मोठी भांडी मी करायचे. ताई माझ्या खांद्यामागं उभ्या राहायच्या. "थांब. श्वास सोड. आता वर घे. घाई नको करू बाई, ते काय पळून राहिलं का?" रूप त्यांचं, नक्षी त्यांची, हात माझे. ओल्या बुडावर त्यांचा शिक्का बसायचा, एक छोटा मासा. तो शिक्का त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायचा. त्यांच्या गुरूंनी कोरून दिलेला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. रूप त्यांचं होतं ना.

पण बरणी माझी होती.

ताई दवाखान्यात गेल्या होत्या त्या दुपारी केली. कोणी मागं नव्हतं, कोणी थांब म्हणत नव्हतं. खांद्याशी फुगलेली, मान आखूड, आणि बोटांच्या वळ्या मी पुसल्याच नाहीत, खालून वरपर्यंत गरगरत गेलेल्या तशाच ठेवल्या. ताई आल्या, चप्पल न काढता तिच्याभोवती फिरल्या.

"कोणी शिकवलं हे?"

"कोणी नाई."

"हं."

बस. शिक्का मारला नाही. मासाही नाही, काही नाही. "राहू दे तशीच," म्हणाल्या. मला वाटलं आवडली नाही. मग सरांचा फोन आला, मोठं भांडं पाहिजे म्हणून, आणि मला दिसलं की फोनवर बोलता बोलता ताई बरणीकडं पाहून राहिल्या आहेत.

भट्टी भरायच्या दिवशी बाकी सगळं माझ्याकडून भरून घेतलं. बरणी शेवटची. झाकण बसवूनच भाजायची होती, म्हणजे दोन्ही एकसारखी आवळतात. मी झाकणाच्या काठावरचं ग्लेझ, भट्टीत वितळून काच होणारं, पुसून काढलं, तिथं पांढरा लेप लावला. तो लेप नसला तर ग्लेझ वितळून झाकण कायमचं चिकटतं. गोल फिरवून दोनदा पाहिलं. कुठं सुटलं नव्हतं.

"तू जा, गॅसचं पाहून ये," ताई म्हणाल्या. "बरणी मी ठेवते."

"तुम्ही?"

"मंग? माझी भट्टी नाई का ही?"

मी गेले आणि दाराच्या फटीतून पाहिलं. ताई माझ्याकडं पाठ करून बरणीवर वाकल्या होत्या. कोपरं हलत होती. बराच वेळ. बाजूच्या स्टुलावर काळ्या रंगानं भरलेली वाटी आणि बारीक ब्रश होता. ग्लेझ लावायच्या आधी बरणी एकदा भाजून झाली होती. भाजलेल्या मातीवर शिक्का उमटत नाही, पण ब्रशनं नाव लिहिता येतं.

तेव्हापासून भट्टी पेटवून, विझवून, थंड व्हायला ठेवेपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"घे, चहा घे," आता ताई म्हणाल्या.

"नको."

"राग आहे का कोणाचा?"

"नाई."

"मंग नाक कायले लाल झालं?"

"भट्टीजवळ उभी आहे ना मी."

सर हसले. "मुलगी तिखट आहे तुमची."

"हाव," ताई म्हणाल्या. "भिवापुरी मिरची."

सरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, पुन्हा एक फेरी मारली, पुन्हा म्हणाले, "निदान वरची एक वीट काढून आत नजर तरी टाकू?" ताईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उन्हं कलली. शेवटी त्यांनी मला डोळ्यानं खुणावलं.

मी हात ठेवला. "आचल. मारोती. पाचभाई." विटेत ऊब होती, तव्यावरून काढलेल्या भाकरीएवढी. "राहणार नंदोरी. तालुका भद्रावती. जिल्हा चंद्रपूर."

"जिल्हा कोणी विचारला होता?" ताई म्हणाल्या. "काढ."

मी विटा काढायला लागले. पहिली, दुसरी. आतली गरम हवा तोंडावर आली. कान आत. टिंग नाही. आणखी विटा. मग ती दिसली.

मी तिच्याविषयी बोलणार नाही. एवढंच सांगते की ग्लेझ वळ्यांमधून खाली उतरून प्रत्येक खोलगट जागी साचलं होतं, काळपट हिरवं, आणि वळीच्या उंच कडेला मातीचा लाल रंग वर आला होता. सर पुढं आले आणि त्यांची किल्ली फिरायची थांबली.

"वासंतीताई," ते हळूच म्हणाले. "हे काय केलंत तुम्ही!"

मी जाड हातमोजे घातले, बरणी उचलली आणि सगळ्यात आधी उलटी केली.

बुड कोरं होतं.

कोरं! ना मासा, ना नाव, ना ठिपका. मी खालून पाहिलं, बाजूनं पाहिलं. काही नाही. मग ताई इतका वेळ पाठ फिरवून करत काय होत्या? आणि बरणी सरळ करताना आत काही तरी घरंगळलं. खडखड करून एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेलं.

"आत काय आहे?" सर म्हणाले.

"पाहू," म्हणत मी झाकण धरलं. हललं नाही. फिरवायला गेले, नाही. बोटानं काठ चाचपला. एका जागी लेप नव्हताच. तेवढ्याच जागी ग्लेझ उतरून झाकण बरणीला घट्ट धरून बसलं होतं. बाकी सगळीकडं माझा पांढरा लेप शाबूत.

"अंगठ्याएवढी जागा सुटली," मी म्हणाले आणि ताईंकडं पाहिलं. "मी सोडली नव्हती."



"काही हरकत नाही," सर म्हणाले. "प्रदर्शनात कोण उघडून पाहणार आहे? उलट बंद बरणी, आत काही तरी वाजणारी. लोकांना आवडेल. ताई, ही दारात. अगदी समोर, एकटी. बुडावर तेवढी सही करून द्या, रंगानं चालेल. मासा नाही ना हिच्यावर?"

स्टुलावर ती काळी वाटी अजून होती. ब्रशही होता.

मी ताईंच्या तोंडाकडं पाहत होते. बोलले असते तर एका वाक्यात संपलं असतं. ही माझी आहे. पण मग सर विचारणार, तुमची मोठी भांडी ही पोरगी करते? कधीपासून? का? आणि ताईंचा डावा हात खिशात होता. मी जे पहिल्या आठवड्यात पाहिलं होतं ते सरांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडलं की ते पाहणार. नाही उघडलं तर माझी बरणी मुंबईला जाणार, आणि लोक तिच्यापुढं उभे राहून ताईंचं नाव घेणार, वासंती झाडे, वासंती झाडे.

मी बरणी छातीशी धरून उभी होते. फरशी खाली होती. हात सुटला, एवढंच म्हणायचं होतं. ना त्यांची, ना माझी. मला अजून आठवतं, बोटं मोज्याच्या आत सैल व्हायला लागली होती.

"आण इकडं," ताई म्हणाल्या.

"ताई..."

"आण म्हटलं ना. आणि मोजे दे."

त्यांनी मोजे चढवले. दोन्ही हात. डावाही. मग बरणी माझ्याकडून घेतली आणि सरांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

बरणी वाजायला लागली.

खडखड, खडखड, खडखड. थांबेचना. ताई एका जागी उभ्या होत्या, पाय हलत नव्हते, खांदे हलत नव्हते, नुसती बरणी वाजत होती, पाळण्यावरच्या खुळखुळ्यासारखी. सर आधी हसले. त्यांना वाटलं, ताई मुद्दाम हलवून दाखवतायत. मग त्यांची नजर मोज्यांवर गेली आणि त्यांचं हसू तोंडावरच राहिलं.

"ठेवा ताई," ते म्हणाले. "ठेवा खाली."

"ऐकून घ्या आधी," ताई म्हणाल्या. बरणी वाजतच होती. "या हातांनी हे होते का, सांगा. तुम्ही इतके भांडे पाहिले, तुम्हाले समजत असंल."

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या. ते थाळ्या, ते मोठे वाडगे, जे तुम्ही मागच्या वेळी नेले. रूप माझं, नक्षी माझी. माती वर चढवली इनं. पण हे..." त्यांनी बरणी स्टुलावर टेकवली, आणि एकदम इतकं शांत झालं की बाहेरच्या बाभळीवरचा होला ऐकू आला. "याच्यात माझं काहीच नाई. मी तर घरीबी नव्हते."

सरांनी माझ्याकडं पहिल्यांदा पाहिलं. नाकाकडं नाही, हातांकडं.

"मग मी कार्डावर काय छापू?"

"ते तुमचं तुम्ही पाहा." ताईंनी मोजे काढून मला दिले. "मिरचे, थापी आण. उघड ते."

"फुटंल."

"फुटंल तर फुटंल."

"नाई उघडत मी! राहू द्या तशीच. कायले उघडायचं? काय टाकलं तुम्ही आत?"

"उघडल्यावर समजते."

मी लाकडी थापी आणली. बरणी मांडीत घेतली, वर जुनी चादर गुंडाळली, फक्त झाकण उघडं ठेवलं. झाकणाच्या कडेला थापीनं टिचकीएवढा मार दिला. टक. थोडं फिरवलं. टक. चिकटलेल्या जागेच्या समोर जोरात मारायचं नाही, दोन्ही बाजूंनी जवळ जवळ यायचं. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं, हाताला कळत होतं. टक. टक. आवाज भरीव येत होता, म्हणजे अजून धरून आहे. घाम डोळ्यांत गेला. सर वाकले होते, त्यांना नागपूर आठवत नव्हतं.

"श्वास सोड," मागून ताई म्हणाल्या.

मी सोडला. टक.

आवाज बदलला. पोकळ झाला. आणि लगेच दुसरा आवाज आला.

टिंग.

मी चादर काढली. झाकण माझ्या हातात सुटं आलं, आणि त्याच्यासोबत बरणीच्या ओठाचा एक टवका. अंगठ्याच्या नखाएवढा. पोटावर केसाएवढाही तडा नव्हता. मी बोट फिरवून फिरवून पाहिलं. नव्हता.

"पाह्य आत," ताई म्हणाल्या.

मी हात घातला. बोटाच्या पेराएवढं काही तरी, खरखरीत, अजून कोमट. तळहातावर घेतलं. ग्लेझ नसलेली भाजकी माती, एका टोकाला दोरा ओवायला भोक, दुसरं टोक सपाट. सपाट टोकावर काही कोरलेलं होतं.

मिरची. देठासकट. पण रेघ सरळ नव्हती. प्रत्येक रेघ बारीक बारीक थरथरत गेली होती, पाण्यात पडलेल्या सावलीसारखी. देठ तर दोनदा सुटून पुन्हा पकडला होता.

"पहिले चार बिघडले," ताई म्हणाल्या. "हा त्यातल्या त्यात बरा आला. आणखी वेगळी जागा कशाले अडवायची, म्हणून तुझ्या बरणीतच ठेवला. झाकण काढताना अंगठा लागून लेप पुसला असंल. हात काय आता माझं ऐकते?"

"मले वाटलं, तुम्ही..." मी वाटीकडं पाहिलं.

"काय वाटलं?"

"काई नाई."

"मले माहीत आहे काय वाटलं," ताई म्हणाल्या. "फटीतून पाहणारं माणूस पाठीले दिसते. आणि खरं सांगू? ब्रश भिजवला होता मी. दोनदा."

शिक्का मुठीत धरून मी तशीच जमिनीवर बसून राहिले. भाजलेल्या बरणीवर तो आता उमटणार नव्हता. ती बिननावाचीच राहणार होती.

सरांनी टवका उचलून काठाशी जुळवून पाहिला, मग हलकेच स्टुलावर ठेवला. "मला थोडा विचार करावा लागेल, ताई," म्हणाले. जाताना दारात थांबले, मला म्हणाले, "तुझं नाव काय म्हणालीस तू मघाशी? विटेवर हात ठेवून?"

मी सांगितलं. जिल्ह्यासकट.

ताईंचं प्रदर्शन त्या वर्षी झालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्याबद्दल ताईंनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि ताईंना गप्प राहताना पाहणं सोपं नसतं.

आता तीन वर्षं झाली. बरणीत आम्ही मीठ ठेवतो. टवका गेलेल्या जागेतून बरोबर चमच्याचा दांडा बाहेर येतो. शिक्का माझ्या गळ्यात आहे, काळ्या दोऱ्यात. ताई आता पाहुण्यांसमोर चहा घेतात, पूर्ण कप, बशीत सांडला तर सांडू देतात.

माझ्या भांड्यांना गिऱ्हाईक आहे. शनिवार-रविवारी नागपूरहून लोक येतात, एखादी बरणी उलटी करून पाहतात आणि विचारतात, "छान आहे हो, पण ही मिरची अशी वेडीवाकडी का? नवीन शिक्का करून घ्या ना नीट. आजकाल मशिनवर एकदम सरळ मिळतो."

मी त्यांच्या हातातून बरणी काढून घेते आणि फळीवर परत ठेवते.

"ही विकायची नाई," म्हणते.

आतून ताई ओरडतात, "मिरचे, किती गिऱ्हाईक पळवशील?"

"पळू द्या," मी म्हणते, आणि चाकावर बसते.